हुशारीचे अंदाजपंचे दाहोदरसे

‘आमचा मुलगा तसा हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही.’ पालकसभेत हे वाक्य ऐकले नाही असा शिक्षक महाराष्ट्रात सापडायचा नाही. याच्या जोडीचे दुसरे वाक्य सभेत सहसा कोणी बोलत नाही. ते स्टाफरूममध्ये किंवा लग्नकार्यात जमलेल्या नातेवाइकांच्या घोळक्यात ऐकू येते : ‘पोरगी फार काही हुशार नाही, पण मेहनती आहे.’ पहिल्या वाक्यात गुण कमी असून बुद्धी जास्त धरली आहे, दुसऱ्यात गुण जास्त असून बुद्धी कमी धरली आहे. गुणपत्रिका दोन्हीकडे समोरच होती, पण बुद्धीचा निकाल तिच्यावरून लागलेला नाही. तो आधीच लागून गेला होता.

असे अंदाज आपण दिवसभर बांधत असतो. मुलाखतीत, स्थळ पाहताना, पहिलीच्या वर्गात, ऑफिसात नवा माणूस रुजू झाल्यावर. हाताशी खुणा असतात त्या तीन : परीक्षेतले गुण, माणसाचा स्वभाव आणि ‘याला काहीतरी वेगळं सुचतं’ अशी त्याची ख्याती. या खुणा खोट्या नाहीत. मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शंभरएक वर्षांत त्या बुद्धिमापन चाचण्यांशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या आहेत आणि प्रत्येकीत थोडेफार तथ्य आढळले आहे. माझी तक्रार त्या ‘थोडेफार’बद्दल आहे. या खुणांवरून हजार मुलांच्या घोळक्याबद्दल काही बोलता येते. एका मुलाबद्दल जवळजवळ काहीच बोलता येत नाही. आणि घरात, शाळेत आपल्याला बोलायचे असते ते नेमके एकाच मुलाबद्दल.

बुद्धी म्हणजे तरी काय, असा प्रश्न इथे येणारच. या लेखापुरता मी तिचा साधा अर्थ घेतो : बुद्धिमापन चाचण्या जे मोजतात ते. नवी गोष्ट लवकर उमगणे, आकृतीतली संगती दिसणे, चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून पाचवी काढणे. शहाणपण, माणुसकी, चिकाटी या वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे मोल कमी नाही. पण त्यांनाही ‘एक प्रकारची बुद्धीच’ म्हणायला लागलो की चर्चा गोड होते आणि हातात काही उरत नाही.

गुणांपासून सुरुवात करू, कारण तीन खुणांमध्ये तीच सर्वांत भक्कम आहे. एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांवरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून 2015 साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शालेय गुण आणि बुद्धिमत्ता यांचा सहसंबंध, मोजमापातल्या चुकांची सुधारणा धरून, साधारण 0.54 निघाला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पक्की गाठ. समाजशास्त्रांच्या जगात अर्धा हा आकडा दणदणीत मानला जातो. आता तो एका मुलाला लावून बघू. बुद्ध्यंकाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचे ढोबळ अंतर, 15 असते. समोरच्या मुलाबद्दल काहीही माहीत नसताना मी डोळे मिटून ‘100’ म्हटले, तर माझी चूक ढोबळमानाने 15 अंकांची असेल. त्याची गुणपत्रिका हातात घेऊन, सगळे गणित नीट करून अंदाज सांगितला, तर ती 13 वर येते. पंधराची तेरा. एवढीच कमाई.

आणखी जवळून पाहू. शंभर मुलांत पहिल्या दहांच्या उंबरठ्यावर उभी असलेली एक मुलगी घ्या. गुणांवरून तिच्या बुद्ध्यंकाचा उत्तमात उत्तम अंदाज येतो सुमारे 110. पण अशा मुली गोळा केल्या तर त्यांतल्या दोन तृतीयांश 97 ते 123 या पट्ट्यात पसरलेल्या असतील आणि उरलेल्या त्याच्याही बाहेर. 97 म्हणजे चारचौघींसारखी, 123 म्हणजे लाखात नाही तरी पन्नासात तिघी. दोघींच्या हातात प्रगतिपुस्तक मात्र एकच. उलट बाजूनेही तेच. गुणांत वरच्या अर्ध्या वर्गात असलेले मूल बुद्धीतही वरच्या अर्ध्यात असण्याची शक्यता तीनात दोन. नुसती नाणेफेक केली तरी दोनात एक मिळतेच.

कोणी म्हणेल, सोयीचा आकडा निवडलात. तर गैरसोयीचाही घेऊ. इंग्लंडमधल्या सत्तर हजारांहून अधिक मुलांच्या एका अभ्यासात अकराव्या वर्षीची बुद्धिमत्ता आणि सोळाव्या वर्षीच्या राष्ट्रीय परीक्षेतली सर्व विषयांची एकत्रित कामगिरी यांचा संबंध 0.8 पर्यंत गेला होता. यापेक्षा जवळचे नाते या विषयात क्वचितच दिसते. तरी अंदाजातली चूक उरते 9 अंकांची. आणि तिथे परीक्षा एका ठरावीक मापाची होती, सांख्यिकीने दोन्हीकडचा गाळ काढलेला होता. आपण जे करतो ते घटक चाचणी क्रमांक दोनच्या जोरावर.

आपल्या बोर्डाचेच उदाहरण बघा. 2024 च्या दहावीच्या निकालात राज्यभरात 187 विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यांतले 123 एकट्या लातूर विभागातले, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतले. आता दोनच अर्थ निघू शकतात. एक, मराठवाड्याच्या या कोपऱ्यात बुद्धीची खाण लागली आहे. दोन, तिथे परीक्षेच्या तयारीची एक जबरदस्त शिस्त उभी राहिली आहे : सराव, पुन्हा सराव, उत्तरपत्रिकेची मांडणी, आणि मुलाच्या दहावीसाठी अख्खे घर गावाकडून शहरात भाड्याच्या खोलीत हलवणारे आईवडील. लातूरकरांना कोणीही विचारा, ते अभिमानाने दुसरे उत्तर देतील, आणि अभिमान बाळगावा असेच ते आहे. पण मग ते बुद्धीचे माप उरत नाही. शिवाय बेस्ट ऑफ फाइव्ह आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून जिथे शंभर होतात, तिथे फूटपट्टीच संपलेली असते. 187 जणांत कोण किती उंच, हे त्या पट्टीला सांगता येत नाही.

आता त्या दोन वाक्यांकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे. ‘मेहनती आहे, म्हणून गुण मिळतात’ या तर्कात सांख्यिकीच्या दृष्टीने थोडा अर्थ आहे, हे कबूल करायला हवे. दोन मुलांना सारखेच गुण असतील आणि एकाने दुप्पट अभ्यास केला असेल, तर त्याची बुद्धी किंचित कमी असण्याची शक्यता खरेच जास्त. पण त्यासाठी अभ्यास मोजलेला हवा. आपण मोजत नाही, आपल्याला दिसतो तेवढा धरतो. मुलगी संध्याकाळी सातला स्वयंपाकघराशेजारी वही उघडून बसलेली सगळ्यांना दिसते. मुलगा क्लासला, मग मित्राकडे, मग रात्री दार लावून. त्याचा अभ्यास कुणाला दिसत नाही आणि म्हणून तो ‘न करताच पास होतो’. शिवाय हा तर्क मुलाच्या बाबतीत उलटा फिरवायची आपली तयारी कुठे असते? ‘अभ्यास केला नाही म्हणून गुण कमी’ हे आपण लगेच मान्य करतो. ‘अभ्यास केला आणि तरीही कमी’ ही शक्यता पालकसभेत कोणी उच्चारत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. 2017 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलामुलींना एका ‘खूप, खूप हुशार’ व्यक्तीची गोष्ट सांगून ती व्यक्ती कोण असेल ते चित्रांतून निवडायला सांगितले. पाचव्या वर्षी मुली मुलींकडे बोट दाखवत होत्या, मुलगे मुलग्यांकडे. सहाव्या-सातव्या वर्षी मुलींचे स्वतःच्या गटाकडे वळणारे बोट कमी झाले. त्या वयातल्या मुलींना हे मात्र माहीत होते की शाळेत चांगले गुण मुलींना मिळतात. गुण आपले आणि हुशारी त्यांची, ही वाटणी पहिलीतच होऊन जाते.

स्वभावाची खूण तर याहून कच्ची. मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानतात. त्यांतला अनुभवांविषयीचा खुलेपणा, म्हणजे कुतूहल, कल्पनांची आवड, नव्याची ओढ, हा बुद्धीशी थोडासा जोडलेला आढळतो : सहसंबंध साधारण 0.2 ते 0.3. बाकी पैलूंचे नाते नगण्य. गंमत काटेकोरपणाची आहे. वेळेवर गृहपाठ, वह्यांना कव्हर, रांगेत उभे राहणे, सांगितलेले ऐकणे. शिक्षकाच्या तोंडून ‘हुशार मूल’ हे शब्द जे बघून निघतात त्यातला मोठा भाग हाच. आणि काटेकोरपणाचा बुद्धीशी संबंध जवळजवळ शून्य निघतो. गुणांशी मात्र त्याचा बुद्धीपासून स्वतंत्र असा संबंध आहे. म्हणजे व्यवस्थित मुलाला गुण मिळतात, गुण दिसले की आपण त्याला बुद्धिमान म्हणतो, आणि पुढच्या खेपेला त्याच्या व्यवस्थितपणाकडे बघूनच बुद्धीचा अंदाज बांधतो.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून प्रगतिपुस्तकात स्वभावाचे वर्णन लिहावे लागते. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, असे रकाने. हेतू चांगला होता. पण साठ मुलांचा वर्ग, वर पोषण आहाराच्या नोंदी, वर ऑनलाइन माहिती भरणे. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? ‘वर्णनात्मक नोंदी’ नावाची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरत असते. विषयवार, आयत्या. ‘चौकसपणे प्रश्न विचारतो’, ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘स्वतःच्या शब्दांत उत्तर सांगतो’. त्यांतून तीन उचलायच्या आणि ‘तो’चे ‘ती’ करायचे. ‘स्वतःच्या शब्दांत उत्तर सांगतो’ हे वाक्य राज्यातल्या हजारो मुलांबद्दल एकाच, कुणा तिसऱ्याच्याच शब्दांत लिहिले जाते. शिक्षकांना मी दोष देत नाही. पण त्या पानावरून कोणी मुलाचा स्वभाव ताडला आणि स्वभावावरून बुद्धी, तर तो पीडीएफ बनवणाऱ्याचा अभ्यास ठरेल.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे तपासले. बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे रकाने होते, पण एकात चांगला शेरा मिळालेल्याला सगळीकडेच चांगला मिळत गेला होता. देखणा आणि ताठ उभा राहणारा शिपाई अधिकाऱ्याला बुद्धिमानही वाटत होता. आपल्याकडे ताठ उभे राहण्याची जागा बोलण्याने घेतली आहे. ‘पाणी’ म्हणणारे मूल आणि ‘पानी’ म्हणणारे मूल एकाच बाकावर बसवा. दोघांनी बाष्पीभवनाचे तेच उत्तर द्यावे. दुसऱ्याच्या उत्तरात आधी ‘न’ ऐकू येतो, मग बाष्पीभवन. ‘व्हतं’, ‘गेल्ता’, ‘मपलं’ म्हणणाऱ्या पोराला तालुक्याच्या शाळेतून पुण्याच्या कॉलेजात आल्यावर पहिले सहा महिने तोंड मिटून बसावेसे का वाटते, हे त्यातून गेलेल्यांना सांगायला नको. पुढे त्यावर इंग्रजीचा थर चढतो. मुलाखतीत अस्खलित इंग्रजी बोलणारा उमेदवार ‘शार्प’ वाटतो. तो घरात चार वर्षांचा असल्यापासून ती भाषा ऐकत आला, एवढेच त्यातून सिद्ध झालेले असते. जात, जिल्हा, वडिलांचा धंदा हे सगळे या एका ‘न’मधून आत येते आणि कोणी त्याचे नाव घेत नाही.

सर्जनशीलतेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिचा बुद्धीशी संबंध तिच्या दबदब्याच्या मानाने फारच किरकोळ आहे. जे. पी. गिलफर्ड यांनी 1950 साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात हा विषय ऐरणीवर आणला. त्या परंपरेतल्या चाचण्यांत एखाद्या विटेचे किती निरनिराळे उपयोग सुचतात, असे प्रश्न असतात. अशा चाचण्यांचे गुण आणि बुद्ध्यंक यांच्यावरच्या अनेक अभ्यासांचा 2005 साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सहसंबंध 0.17 च्या आसपास निघाला. म्हणजे ज्याला विटेचे उपयोग सरासरीपेक्षा जास्त सुचले तो बुद्धीतही सरासरीच्या वर असण्याची शक्यता शंभरात पंचावन्न.

आपल्याकडे तर विटेपर्यंतही जात नाही. आपली सर्जनशीलता म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. स्थिरचित्रात तांब्या, फळे आणि मागे पडदा. स्मरणचित्रात बाजार, बसस्टॉप किंवा गणपतीची मिरवणूक, आणि चित्रकलेच्या क्लासमध्ये सरांनी बसवून घेतलेल्या तीन मानवाकृती, ज्या विषय कोणताही आला तरी चपखल बसतात. श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण. हातात कौशल्य येते, रंग कळतात, हे काही कमी नाही. पण ‘वेगळे सुचणे’ त्यात कुठे आहे? वेगळे सुचलेच तर श्रेणी जाण्याची भीती. शिकागोच्या गेट्झेल्स आणि जॅक्सन या संशोधकांनी 1962 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गट होते : एक उच्च बुद्ध्यंकाचा, दुसरा बुद्ध्यंकात मागे पण सर्जनशीलतेत पुढे असलेला. शालेय यशात दोन्ही गट सारखेच निघाले. शिक्षकांना वर्गात हवेसे वाटले ते मात्र पहिल्या गटातले. दुसऱ्या गटातली मुले असे काहीतरी विचारत असणार की तास पुढे सरकायचाच नाही.

आता तिन्ही खुणा एकत्र करू. त्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे त्यांची सरळ बेरीज होत नाही. तरी उदार होऊन एकत्रित सहसंबंध 0.6 धरला, तर अंदाजातली चूक 12 अंकांची उरते. पंधरावरून बारा. एवढ्या भांडवलावर आपण मुलांच्या तुकड्या पाडतो.

‘पण अनुभवी शिक्षकाची नजर असते ना!’ हे मला नेहमी ऐकवले जाते. नजर असते, आणि ती नाणेफेकीपेक्षा चांगली असते. पण तिला काय दिसते याचा एक बोलका दाखला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांच्या कामात आहे. त्यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियात बुद्धिमान मुलांचा शोध सुरू केला, तेव्हा शिक्षकांना वर्गातल्या हुशार मुलांची नावे द्यायला सांगितली होती, आणि सोबत वर्गातल्या सर्वांत लहान मुलाचेही नाव. नंतर चाचण्या घेतल्यावर टर्मन यांनी लिहिले की वर्गातला सर्वोच्च बुद्ध्यंक एकाच उपायाने शोधायचा असेल, तर शिक्षकाच्या पसंतीपेक्षा हजेरीपटावरचे वयाने सर्वांत लहान मूल उचलणे जास्त फलदायी ठरेल. कारण उघड आहे. शिक्षक कामगिरी बघत होते, वय बघत नव्हते. दोन वर्षांनी मोठ्या मुलांच्या बरोबरीने चालणारे छोटे पोर त्यांना ‘बरे’ वाटत होते.

टर्मन यांची दुसरी गोष्ट चाचणीचा अभिमान उतरवणारी आहे, तीही सांगितली पाहिजे. त्यांच्या चाचणीत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ ही दोन मुले निवडीच्या मर्यादेखाली राहिली. पहिल्याला 1956 मध्ये, दुसऱ्याला 1968 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्या सुमारे दीड हजारांत नोबेल कोणालाच मिळाले नाही. चाचण्यांच्या विरोधात बोलणारे हे उदाहरण हटकून देतात. मला त्यातून एवढेच दिसते की कोणतीही एक रेषा ओढली की तिच्या खाली चांगली माणसे राहणार. शिक्षकाच्या मर्जीची रेषा ओढली असती तर किती राहिली असती, त्याची मोजदाद मात्र कुठेच होत नाही.

म्हणून, अंदाजापेक्षा चाचणी बरी, हे माझे मत मी स्पष्टच मांडतो. आपल्या उदारमतवादी वर्तुळांत ते फारसे प्रिय नाही. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत विशेष बुद्धिमान मुलांच्या वर्गासाठी आधी शिक्षक आणि पालक नावे सुचवत आणि मग त्या मुलांची चाचणी होई. 2005 मध्ये तिथे दुसरीच्या झाडून सगळ्या मुलांची प्राथमिक चाचणी घ्यायला सुरुवात झाली. लगेच त्या वर्गांमधली गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढली. ही मुले आधीही त्याच बाकांवर होती, फक्त त्यांचे नाव कोणी सुचवले नव्हते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने 1969 मध्ये बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला सुरू केली आणि तिथला प्रवेश शाळेच्या गुणांऐवजी बुद्धिमापन चाचण्यांवर ठेवला. अशी वेगळी शाळा असावी का, यावर वाद घालता येईल आणि माझ्या मनात तो आहेच. पण निवडीचा मार्ग प्रगतिपुस्तकापेक्षा प्रामाणिक होता.

चाचणी बरी, पण कशासाठी? आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत देण्यासाठी. बुद्धी जन्मतःच ठरलेली आणि अचल असते, या मताला बिने यांचा कडाडून विरोध होता. आपल्या भागात 1930 च्या दशकात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. मूल वाचनात अडखळते, शाळा त्याला ‘ढ’ ठरवून मोकळी होते, आणि मग कोणी शहाणी बाई पालकांना सांगते की सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. तिथे बुद्धी नेहमीसारखी, कधी त्याहून चांगली निघते. अडचण अक्षरांशी असते. तपासणीच्या त्या कागदावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. शाळेचा अंदाज तिथे चाचणीनेच खोडून निघतो. चाचणीचे निकष जुने होत जातात आणि ते वेळोवेळी नव्याने बसवायला हवेत, ही तक्रार रास्त आहे. ती चाचणी अद्ययावत करून दूर होईल. चाचणी फेकून द्यायचे ते कारण होत नाही.

नेमक्या उलट टोकाला आपली शिष्यवृत्ती परीक्षा आहे. तिच्या दुसऱ्या पेपरात ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असा चक्क विषय आहे : पन्नास प्रश्न, शंभर गुण. गटात न बसणारे पद ओळखा, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, रांगेत मागून कितवा, ठोकळ्याच्या तळाशी कोणता अंक. त्याची मार्गदर्शके मिळतात, त्याचा तास असतो, पहाटेचा जादा वर्ग असतो. बुद्धिमापनाचे सगळे शास्त्र या गृहीतावर उभे आहे की प्रश्न मुलाला नवा असेल. इथे तो तीनशेव्यांदा सोडवलेला असतो. ज्याच्या शाळेत जादा वर्ग झाला त्याची ‘बुद्धिमत्ता’ शंभरापैकी 92, आणि पाड्यावरच्या आश्रमशाळेत ज्याने पहिल्यांदाच ठोकळा उलगडून पाहिला त्याची 40. त्या चाळीसमध्ये खरी बुद्धी किती होती, हे कळायची सोय या परीक्षेने स्वतःच बुजवली आहे. शिष्यवृत्ती जरूर द्यावी, अभ्यासाचे बक्षीस म्हणूनच द्यावी. त्या विषयाचे नाव तेवढे बदलावे.

आणि ज्यांना ना परीक्षेवर भरवसा ना चाचणीवर, त्यांच्यासाठी बाजार उघडा आहेच. बोटांचे ठसे स्कॅन करून मुलाची ‘बहुविध बुद्धिमत्ता’ सांगणाऱ्या एजन्सी आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. काही हजार रुपये आणि रंगीत आलेखांचा गुळगुळीत अहवाल. हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये मांडलेल्या कल्पनेचे नाव त्याला चिकटवलेले असते. ठशांचा बुद्धीशी असा संबंध असल्याला शास्त्रीय आधार नाही. पण अहवालात प्रत्येक मूल कशात ना कशात तरी वर असते आणि पैसे त्याचेच घेतलेले असतात. हस्तरेषा बघणारा जोशी निदान दक्षिणा ऐच्छिक ठेवायचा.

मग माझी मागणी काय? माणूस अंदाज बांधायचा थांबणार नाही, हे मला मान्य आहे. थांबवता येतात ते अंदाजावर आधारलेले निर्णय. पहिला, तुकड्यांचा. ‘अ’ तुकडीत नव्वदवाले आणि ‘ड’ मध्ये उरलेसुरले, ही पद्धत राज्यातल्या कितीतरी शाळांत बिनबोभाट चालते. ‘अ’ला मुरलेले गणित शिक्षक मिळतात, ‘ड’ला तासिका तत्त्वावरचे. चार वर्षांनी ‘ड’चा निकाल कमी लागतो आणि मूळ अंदाज बरोबर होता याचा तो पुरावा मानला जातो. तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडाव्यात. ‘मिश्र वर्गाला शिकवणे अवघड जाते’ हा शिक्षकांचा आक्षेप खरा आहे. गणित-इंग्रजीच्या तासाला, त्या-त्या घटकापुरते, गट करावेत आणि दर दोन महिन्यांनी मोडावेत. मुलाच्या दप्तरावर दहावीपर्यंत ‘ड’ चिकटणार नाही इतपत व्यवस्था एवढ्याने होते. दुसरा, चाचणीचा. घ्यायचीच असेल तर सगळ्यांची, तयारी न करवता, आणि निकाल मदतीसाठी. आकडा वर्गात वाचून दाखवायचा नाही, पालकांच्या गटावर टाकायचा नाही.

तिसरी गोष्ट प्रगतिपुस्तकातल्या नोंदीची. एका ओळखीच्या शिक्षिकेने मला वैतागून विचारले, ‘चौकस लिहायचं नाही, हुशार लिहायचं नाही, मेहनतीही लिहायचं नाही, मग साठ मुलांचं लिहू तरी काय?’ तिलाच विचारले, या महिन्यात वर्गात कोणी काय केले ते आठवते का? तिने लगेच सांगितले, एका मुलाने अपूर्णांकांच्या तासाला विचारले की अर्ध्याने भागल्यावर उत्तर मोठे कसे येते, भागल्यावर तर कमी व्हायला पाहिजे. मी म्हटले, हेच लिहा, तारीख टाकून. ती म्हणाली, रकाना दोन ओळींचा आहे. एवढे वाक्य दोन ओळींत बसते. साठ मुलांची अशी साठ वाक्ये एका सत्रात जमणार नाहीत, हेही तिचे म्हणणे बरोबर आहे. पंचवीस जमली तर पंचवीस लिहावीत आणि उरलेले रकाने कोरे ठेवायची मुभा मुख्याध्यापकांनी द्यावी.